नकाशे सर सोडून गेले

नववीच्या वर्गाला इंटरनेटवर माहिती कशी शोधायची आणि शोधलेली कशी पारखायची हे शिकवण्याचं काम मुख्याध्यापकांनी ग्रंथपाल बाईंच्या गळ्यात घातलं, तेव्हा बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. तीस वर्षं त्यांनी कार्डांच्या लाकडी खणांत बोटं घालून मुलांना पुस्तकं शोधून दिली होती. खण गेले, त्या जागी बारा कॉम्प्युटर आले; शोधणं काही गेलं नव्हतं.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. कोणी लिहिलं? कधी लिहिलं? आणखी कुठे लिहिलंय?

"हे प्रश्न माझे नाहीत," बाई म्हणाल्या. "मला ते नकाशे सरांनी विचारले होते. याच शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गाकडे तोंड ठेवून पाठीमागच्या फळ्यावर अख्ख्या खंडाचा किनारा काढायचे, म्हणून नकाशे सर. मी नववीत असताना एका पुस्तकातून नकाशा उतरवून आणला. इतका सुबक, की मीच खूश. सरांनी बघितला आणि हे तीन प्रश्न विचारले. नदी डोंगर चढून वर चालली होती. चूक छापणाऱ्याची, पण तिला निळा रंग मी दिला होता."

वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या नकाशाच्या कागदाचा वाससुद्धा त्यांना आठवला.

"पण बाई, सर आता कुठे असतात?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला. त्या मुलीचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं, म्हणून वर्गाने तिचं नाव पणबाई ठेवलं होतं.

बाई जरा ओशाळल्या. या सुट्टीत सरांकडे नक्की जाऊन येऊ, असं म्हणता म्हणता कित्येक सुट्ट्या निघून गेल्या होत्या. "शोधूया की," त्या म्हणाल्या आणि मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं सरांचं नाव टाइप केलं.

तिसऱ्याच ओळीत सर सापडले. 'आपले लाडके नकाशे सर आज आपल्याला सोडून गेले. आता आपल्याला दिशा कोण दाखवणार...' शेजारी सरांचा फोटो. पुढे तीन टिंबं.

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"पण बाई," पणबाई हळूच म्हणाली, "आपण ते पान उघडलंच नाही."

"काही पानं उघडवत नाहीत, बाळा," बाई डोळे पुसत म्हणाल्या आणि तशाच मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेल्या.

मुख्याध्यापकही सरांचेच विद्यार्थी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कधी?"

"आज. आजच असं लिहिलंय."

ग्रंथपाल बाई सांगतायत म्हटल्यावर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. वीस मिनिटांत सगळं मार्गी लागलं. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, शाळा दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली, पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप गेला आणि तासाभराने सभागृहात शोकसभा ठरली. कारकुनाने शिक्षकांच्या जुन्या फोटोतून सरांना कापून मोठं केलं. त्यात शेजारच्या चित्रकलेच्या सरांचं कोपर तेवढं राहून गेलं.

भाषणासाठी दोन ओळी लिहाव्यात म्हणून बाई कॉम्प्युटरच्या खोलीत परतल्या, तर पणबाई एकटीच बसलेली.

"पण बाई, आणखी कुठे लिहिलंय, ते बघायचं राहिलं."

वाद घालायचं त्राण नव्हतं. बाईंनी पुन्हा शोधलं. आता एक सोडून पाच ठिकाणी बातमी होती. "बघ. पटलं?"

पणबाईने चारही नव्या बातम्या वाचल्या. "बाई, चौघांनीही 'श्रद्धांजली'मधला 'द्ध' चुकवलाय. आपल्या शाळेच्या निरोपातही तसाच चुकलाय. हे सगळं आपल्याकडूनच गेलंय." मग तिने पहिलं पान उघडलं. "आणि हे पाच वर्षांपूर्वीचं आहे."

बाईंनी पडद्याला नाक लावून वाचलं. 'आता आपल्याला दिशा कोण दाखवणार, असं वाटतं खरं. पण मुलाच्या नव्या घरी सरांना मोठी गॅलरी आहे, झाडं आहेत. त्यांचा फोन नंबर खाली देतोय. अधूनमधून फोन करत राहा.' त्याखाली सत्तावीस जणांनी लिहिलं होतं, 'नक्की करू.' सत्तावीसातलं एक नाव ग्रंथपाल बाईंचं होतं.

त्यांनी तिथूनच नंबर लावला.

"हॅलो. कोणाच्या सांत्वनाला फोन केलात?" तोच खर्जातला आवाज.

"सर," एवढंच बाईंच्या तोंडून निघालं.

"मी गेलोय म्हणे. तासाभरापासून ऐकतोय. लोक घरच्यांना धीर द्यायला फोन करतात. मी उचलला, की म्हणतात, काका, अचानक कसं झालं? मी म्हणतो, कोणाचं? की बरेच जण ठेवून देतात. एक जण मात्र रडला. मग मलाच त्याची समजूत घालावी लागली."

बाई फोन कानाला लावूनच सभागृहाकडे धावल्या. मुख्याध्यापकांचं भाषण रंगात आलं होतं. "सरांनी आयुष्यात कोणावर कधी हात उगारला नाही," ते म्हणाले.

"थापा मारतोय," फोनमधून आवाज आला. "दोनदा पट्टी खाल्लीय त्याने. विचार त्याला."

बाई मंचावर चढल्या आणि माइक हातात घेतला. "सर सुखरूप आहेत. आत्ता फोनवर आहेत," त्या म्हणाल्या. "चूक माझी. सकाळी मी तीन प्रश्न शिकवले आणि स्वतः एकही विचारला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने तिन्ही विचारले. सरांनी मला जे शिकवलं, ते मी विसरले. पण ते पुढे पोचलंय, एवढं आज कळलं."

मागच्या रांगेत कोणीतरी फुस्सकन हसलं आणि सगळं सभागृह हसत सुटलं. मुख्याध्यापकांनी कोपरासकट फोटो उलटा करून ठेवला.

गर्दी पांगल्यावर बाई व्हरांड्यात आल्या. फोन अजून चालूच होता.

"सर, मला माफ करा. दहा मिनिटांत दुरुस्तीचा निरोप पाठवते."

"एवढी घाई आहे का?" सर म्हणाले.

"म्हणजे?"

"पाच वर्षांत मिळून चार फोन आले होते," सर सावकाश म्हणाले. "आज दुपारपर्यंत अकरा. तिघं रविवारी भेटायला येतायत."

"पण सर, खोटी माहिती तशीच कशी ठेवायची?"

"ठेवू नकोसच. मी फक्त म्हणतोय, जेवण वगैरे करून घे. मग पाठव."

दुरुस्तीचा निरोप संध्याकाळी साडेचारला गेला. एवढा उशीर का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी शांतपणे सांगितलं, "यावेळी नीट खातरजमा करून घेत होते."