बापाच्या नावाची दवंडी

इन्स्पेक्टरांचा शेरा नगरपालिकेच्या सभेत अध्यक्षांनी स्वतः उभं राहून वाचून दाखवला. शेरा मोजकाच होता. नगरपालिकेच्या इंग्रजी शाळेत निम्मी बाकं रिकामी असतात. मॅट्रिकला यंदा सहा मुलं बसली, त्यांतलं एक पास झालं, आणि तेही मामाकडे राहायला आलेलं परगावचं. हे असंच चाललं तर सरकारी ग्रँटचा फेरविचार करावा लागेल.

निपाणीहून बेळगावकडे जाताना लागणाऱ्या या गावाचं नाव सांगायचं टाळलेलंच बरं. स्वतःचं नाव गाजावं म्हणून तिथली माणसं काय काय करतात तेच पुढे सांगायचं आहे. त्यात आणखी भर कशाला?

अध्यक्ष होते दत्तात्रय अनंत हुक्केरीकर, वकील. पण हे नाव गावात कुणी घेत नसे. सारं गाव त्यांना 'वकीलसाहेब' म्हणे आणि त्यांनाही तेच आवडे. एकदा एका कारकुनाने चुकून 'हुक्केरीकरसाहेब' म्हटलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं होतं की तो पुढे बरेच दिवस मागच्या दाराने कचेरीत यायचा. घरात यशोदाबाई त्यांना 'अहो' म्हणत. ओळीने दोनदा ते निवडून आले होते, तेही बिनविरोध. पौषात तिसरी निवडणूक होती, आणि त्याआधी शाळेची ग्रँट गेली तर आपली खुर्चीही तिच्या मागोमाग जाईल, एवढं त्यांना कळत होतं.

"पोरं येत न्हाईत त्येला आमी काय करावं?" तंबाखूचे व्यापारी गुंडूआण्णा चौगुले जांभई देत म्हणाले. "लावणीचं दिस हाईत."

"दंड बसवा," दुसरे एक सभासद म्हणाले.

"दंड द्यायला माणूस तयार असतो," वकीलसाहेब म्हणाले. "त्याला लाज वाटली पाहिजे, लाज! ज्याचा मुलगा शाळेला दांडी मारील त्या बापाच्या नावाची त्याच दिवशी गावभर दवंडी पिटवायची!"

सभेला कल्पना फारच पसंत पडली, कारण दवंडी दुसऱ्याच्या नावाची पिटली जाणार अशी प्रत्येकाची खात्री होती. वकीलसाहेबांनी ठरावाचा मसुदा तिथेच केला. गावात एका नावाची दोन माणसं असली तर उद्या एखादा अब्रूनुकसानीचा दावा लावील, म्हणून दवंडीत बापाचं पूर्ण नाव, गल्ली आणि धंदा सांगावा. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक चौकात सांगावा. खोटी हजेरी मांडणाऱ्या मास्तराला बडतर्फ करावं. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला अध्यक्षांच्या हस्ते चांदीचं पदक द्यावं. आणि लोकांच्या ओरडण्याला भिऊन कुणी माघार घेऊ नये, म्हणून हा ठराव वर्षभर बदलता येऊ नये. हे शेवटचं कलम वाचताना त्यांचा आवाज विशेष चढला होता.

पहिली दवंडी रवळू मोऱ्याच्या नावाची निघाली. दवंडीवाला मष्णू हलगी वाजवत चौकात उभा राहिला. "ऐका हो ऐका! मळा गल्लीत ऱ्हाणारं रवळू भावकू मोरे, धंदा मिरची इकनं, यांचा पोरगा आज इंग्रजी शाळंत आला न्हाई हो!"

रवळूने त्याच संध्याकाळी पोराची पाठ सडकून काढली आणि दुसऱ्या दिवशी कानाला धरून त्याला वर्गात नेऊन बसवलं. आठवडाभरात बाकं भरली. वकीलसाहेबांनी बेळगावच्या एका वर्तमानपत्राकडे मजकूर पाठवला, आणि त्यात 'ही योजना साऱ्या इलाख्याने उचलावी' असं स्वतःविषयी स्वतःच लिहिलं.

पण दोन बाजार झाले आणि रवळूचा पोरगा पुन्हा गैरहजर राहिला. वकीलसाहेबांनी रवळूला वाड्यावर बोलावलं.

"काय रे, लाज नाही वाटत?"

"वाटली की सायेब, पयल्यांदा लई वाटली," रवळू हात जोडून म्हणाला. "पर त्या दवंडीनंतर पार खालच्या गल्लीची मानसं मिरची इचारत आली. तुज्याकडं मिरची मिळती हे म्हाईतच न्हवतं म्हनाली. मग म्हटलं, ह्या बाजारी बी पोराला ठिवावं घरीच."

वकीलसाहेबांनी त्याला हाकलून दिलं. पण ही अक्कल एकट्या रवळूपुरती थोडीच राहणार होती? भांडीवाला, शिंपी, गूळवाला, ज्याला ज्याला पोरगा होता त्याने त्याने तो घरी बसवला. ज्यांचा पोरगा शाळेत नव्हता त्यांनी आपलं नाव दवंडीत यावं म्हणून त्याला शाळेत घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाठवलंच नाही. नागुबाई नावाची बाई तर हेडमास्तरांशी भांडायलाच आली: "शेजारनीच्या नवऱ्याचं नाव चारदा झालं, आमच्या मालकाचं योकदाच! त्येंनी काय घोडं मारलंय तुमचं?" मुलींचे बाप स्थळ शोधताना विचारू लागले, "दवंडीत नाव येतं न्हवं तुमचं?"

गुंडूआण्णांचे तर पाच मुलगे शाळेत होते. त्यांनी पाचही एकदम घरी बसवले. मग रोज तिसऱ्या प्रहरी हलगी वाजायची आणि "पेठंतलं गुंडू भरमा चौगुले, धंदा तंबाकूचा" हे गावाला ओळीने पाचदा ऐकावं लागायचं. मष्णूला ते पानाचा विडा देत, त्यामुळे त्यांच्या नावापाशी त्याचा आवाजही मोकळा लागे. पुढे पुढे तो 'पोरगा' न म्हणता 'चिरंजीव' म्हणू लागला.

दिवाळीच्या सुमारास हेडमास्तर घाम पुसत आले. "साहेब, आज साऱ्या शाळेत मिळून अकरा मुलं होती. त्यांत एक आपला मुलगा गोपाळ."

वकीलसाहेबांनी तातडीची सभा भरवली आणि दवंडी बंद करण्याची सूचना मांडली.

"वर्सभर बदलाया येत न्हाय," गुंडूआण्णा शांतपणे म्हणाले. "तुमीच लिवलंय, वकीलसाहेब. कायदा म्हंजे कायदा." बाकीच्या सभासदांनी माना डोलावल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावं त्या दिवशी दवंडीत यायची होती.

महिनाभराने गुंडूआण्णांनी वकीलसाहेबांच्याच वॉर्डातून उमेदवारीचा अर्ज भरला. तरी वकीलसाहेब हसले. आपल्याला ओळखत नाही असा माणूस गावात दाखवा, म्हणाले. हसू मावळलं ते हेडक्लार्कने मतदानाची रीत समजावून सांगितली तेव्हा. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याने अधिकाऱ्यापुढे उभं राहून उमेदवाराचं नाव तोंडाने सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला मालुबाई आली. घर तिच्या स्वतःच्या नावावर होतं, म्हणून तिला मत होतं.

"मालुबाई, मत कुणाला देणार?"

"ह्ये काय इचारनं झालं? तुमास्नीच की!"

"मग अधिकाऱ्याला काय नाव सांगशील?"

"वकीलसाहेब."

"ते नाव नव्हे. माझं नाव काय?"

मालुबाईने बराच वेळ विचार केला. "अध्यक्षसाहेब?"

"आणि गुंडूआण्णाचं नाव काय?"

"पेठंतलं गुंडू भरमा चौगुले, धंदा तंबाकूचा," मालुबाई एका दमात म्हणाली. नुसती हलगी तेवढी वाजायची राहिली.

वकीलसाहेबांचा चहा तसाच निवला. हेडक्लार्कने सुचवलं, घरोघर जाऊन नाव सांगू या. पण "मी दारोदार माझं नाव सांगत फिरू?" असं म्हणून वकीलसाहेबांनी ते उडवून लावलं. शेवटी हँडबिलं छापली. ती वाचता येणाऱ्यांनी वाचली आणि न येणाऱ्यांनी तंबाखू बांधायला नेली. आता नाव गल्लोगल्ली पोचवायला एकच वाट उरली होती. गोपाळ शाळेत गैरहजर राहायला हवा होता.

"गोपाळ, आज तू दमलेला दिसतोस," त्यांनी जेवताना सुरुवात केली. "शाळेत नाही गेलास तरी चालेल."

गोपाळने घास खाली ठेवला. "बाबा, माझा एकही दिवस चुकलेला नाही. पदक मलाच मिळणार."

"पदक मी तुला तसंच देईन. सोन्याचं देईन!"

"तसं कसं? तुम्हीच म्हणालात ना, शाळा चुकवणारा मुलगा बापाच्या नावाला बट्टा लावतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या वहाणा लपवल्या. तो अनवाणी गेला. तिसऱ्या दिवशी खोलीला बाहेरून कडी घातली. तो खिडकीतून उतरून गेला, आणि घाईत टोपी राहिली म्हणून परत येऊन घेऊनही गेला. मग त्यांनी हेडमास्तरांना बोलावून हळूच सांगितलं, "एक दिवस गैरहजर मांडा त्याला."

"खोटी हजेरी?" हेडमास्तरांचा चेहरा पडला. "साहेब, बडतर्फीचं कलम आपणच घातलंय."

"पोरगा शाळेत जातो म्हणून कपाळाला हात लावणारा बाप मी आजच पाहिला," यशोदाबाई आतून म्हणाल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी वकीलसाहेबांनी आयुष्यभर साक्षीदारांना जे शिकवलं होतं तेच स्वतः केलं. "बेळगावहून निरोप आलाय," ते गोपाळला म्हणाले, "आजीला फार बरं नाही. सकाळच्या मोटारीने जा." गोपाळ रडत मोटारीत बसला. कॅम्पातल्या घरी पोचला तेव्हा आजी अंगणात उन्हात बसून शेवया करत होती आणि करता करता शेजारणीशी तावातावाने भांडत होती. दोन्ही कामं तिची उत्तम चालली होती. त्या पोराची मात्र खरंच कीव येते. आपलं पदक कशापायी गेलं ते त्याला अंगणातच कळलं.

इकडे वकीलसाहेब ओसरीवर येऊन बसले होते. तिसऱ्या प्रहरी हलगी ऐकू आली तशी त्यांनी पगडी नीट केली. मष्णू वाड्यासमोर आला, त्याने वाकून नमस्कार केला आणि अगदी हळू, अदबशीर आवाजात म्हणाला, "ऐका हो ऐका! आपल्या वकीलसायेबांचं चिरंजीव आज शाळंत येऊ शकलं न्हाईत हो!" आणि पुढे गेला.

 वकीलसाहेब तसेच उठले आणि धोतराचा सोगा सावरत त्याच्यामागे धावले. तो तिसऱ्या गल्लीत सापडला.

"मष्णू! नाव घे! ठरावात पूर्ण नाव म्हटलंय!"

मष्णूने दोन्ही कान धरले. "न्हाय वो सायेब! तुमचं नाव? ह्या तोंडानं? पाप लागंल मला."

"अरे, मी सांगतो घे!"

"तुमी मोट्या मनाचं, म्हनून सांगताय. पर मानूस वळकून ऱ्हायाला नगं?"

आता आपणच ओरडावं असं वकीलसाहेबांच्या मनात आलं. पण समोर पानपट्टीपाशी गुंडूआण्णा उभे होते आणि ते फार आदराने नमस्कार करत होते. वकीलसाहेबांनी नमस्कार घेतला आणि ते घरी परतले.

मतदानाच्या दिवशी माणसं लोटली. "कुणाला मत?" अधिकारी विचारी. "वकीलसाहेबास्नी." "नाव सांगा." "तेच की." "ते नाव नव्हे." मागून रांग ओरडू लागली की माणूस गोंधळून जे नाव तोंडात बसलं होतं ते सांगून मोकळा होई. मालुबाईनेही तेच केलं, आणि बाहेर येऊन पदराने डोळे पुसले. ज्यांना वाचता येत होतं त्यांतल्या बहुतेकांनी वकीलसाहेबांना मत दिलं. पण असे लोक गावात किती, हे शाळेच्या निकालावरून कळण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब ओसरीवर बसले होते. गोपाळ रात्रीच परतला होता. तो त्यांच्याशी एक अक्षर न बोलता दप्तर घेऊन शाळेत निघून गेला. तेवढ्यात हलगी वाजली. आज मष्णूचा आवाज चांगला मोकळा होता, साऱ्या पेठेला ऐकू जाईल असा.

"ऐका हो ऐका! पेठंतलं गुंडू भरमा चौगुले, धंदा तंबाकूचा, हे निवडून आलं हो! आनि मारुती गल्लीतलं दत्तात्रय अनंत हुक्केरीकर, धंदा वकिली, हे पडलं हो!"

"मष्णू!" वकीलसाहेब ओरडले. "परवा माझं नाव घ्यायला तुला पाप लागत होतं ना?"

"तवा तुमी अध्यक्ष हुता, सायेब," मष्णू नम्रपणे म्हणाला. "आता काय आडचन न्हाय." आणि त्याने ते नाव पुन्हा एकदा, आणखी खुलवून घेतलं.

दुधाची चरवी घेऊन आलेली मालुबाई पायरीवरच थबकली होती. तिने मष्णूकडे पाहिलं, मग वकीलसाहेबांकडे पाहिलं.

"अगं बया! दत्तात्रय व्हय तुमचं नाव?" ती कळवळून म्हणाली. "मग काल सांगायचं न्हाय का वो!"