जहाजाने पाठ फिरवली

ज्या रविवारी मी "आपल्या घराला प्लॅस्टिकचं दार लागणार नाही" असं जाहीर केलं, त्या रविवारी माझा घसा बसला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझा घसा नेमका नको तेव्हा ठणठणीत असतो.

आमच्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात रंगीत काचांचं एक जहाज आहे. तपकिरी नाव, तीन पांढरी शिडं, टोकाला लाल झेंडा, खाली हिरवानिळा समुद्र. घर बांधलं तेव्हापासूनचं, म्हणजे माझ्याही आधीचं. नव्वद वर्षांच्या उन्हापावसाने (उगाच खोटं कशाला बोला, आम्ही लँकेशायरमध्ये राहतो, नव्वद वर्षांच्या पावसाने) काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या सैल झाल्या होत्या आणि जहाजाचं पोट पुढे आलं होतं. वारा सुटला की सगळं खुळखुळायचं.

"मागच्या गल्लीत सगळ्यांनी प्लॅस्टिकची दारं बसवली," भाजलेल्या बटाट्यावर रस्सा ओतत ग्लेनिस म्हणाली. ग्लेनिस माझी बायको. "घर कसं उबदार राहतं."

"आणि जहाज?"

"ते लोक घेऊन जातात जुनं दार. कटकट नाही."

"मी दुरुस्त करीन जहाज. माझ्या हातांनी."

ग्लेनिसने रश्श्याचं भांडं खाली ठेवलं. "तू?" एवढंच म्हणाली. सव्वीस वर्षांचा संसार त्या एका अक्षरात मावला होता. वास्तविक मी नगरपालिकेच्या कचरा विभागात कारकून. कोणत्या गल्लीचा डबा कोणत्या वारी उचलायचा हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. काचेशी माझा संबंध चष्म्यापुरता. पण "तू?" ऐकल्यावर माघार कोण घेणार?

आता इथे शेजारणीबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आमचं घर जुळ्यांपैकी एक. मध्ये एकच भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे मिसेस म्युरिएल क्रॅब्ट्री. बांधणाऱ्याने दोन्ही घरं आरशात पाहून बांधल्यासारखी बांधलेली. आमचा जिना उजवीकडे, त्यांचा डावीकडे. दारं अगदी शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढं कुंपण. त्यांच्याही दारात जहाज आहे, पण ते आमच्याकडे तोंड करून. रस्त्यावरून पाहिलं तर दोन जहाजं समोरासमोर येताना दिसतात. म्युरिएलचे यजमान स्टॅन्ली नेहमी म्हणायचे, "निघालीत बघा दोघं एकमेकांना भेटायला."

या दोन घरांत दोन वर्षं अबोला होता. कारण कुंपणाची झुडपं. (किती उंच कापायची, हा प्रश्न. तपशिलात शिरत नाही, अजूनही शिरू नये असं ग्लेनिसचं मत आहे.) मग स्टॅन्ली गेले. त्यांना पोहोचवून आल्यावर म्युरिएल स्वतःच्या दारापुढे किल्ली हातात घेऊन उभी राहिली. आत जाईना. ग्लेनिसने आमच्या खिडकीतून पाहिलं, तशीच बाहेर गेली आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी म्युरिएल आमच्याकडे. दोघी मिळून हजार तुकड्यांचं चित्रकोडं जुळवायच्या आणि माझ्याबद्दल बोलायच्या. ग्लेनिसला एवढी जिवाभावाची मैत्रीण आयुष्यात दुसरी मिळाली नव्हती. मलाही त्या दोघींचं हसणं ऐकायला आवडायचं, विषय मी असलो तरी.

तर मी बुधवारच्या काचकामाच्या वर्गात नाव घातलं. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की, जुनी काच सुटी करण्याआधी तिच्यावर कागद लावा, वरून मेणखडू घासा, म्हणजे शिशाच्या रेघा कागदावर उमटतात. त्या नकाशावरच सगळे तुकडे परत जुळवायचे. "आणि घासताना नेहमी बाहेरच्या बाजूने घासा," असंही त्या म्हणाल्या. हे वाक्य मी ऐकलं, वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

पण त्या शनिवारी पाऊस होता. शिवाय भर सकाळी स्वतःच्या दाराला कवटाळून खडू घासत उभा असलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्यांना कसा दिसेल? आमच्या गल्लीत कोणी विचारत नाही, पण बघतात सगळे. म्हणून मी दार लावून घेतलं आणि आतल्या बाजूने, सपाता घालून, चहा पीत, आरामात खडू घासला. कागदावर जहाज झकास उमटलं.

पुढे तीन आठवडे दारावर फळी होती. मागच्या शेडमध्ये मी एकशे बारा तुकडे सुटे केले, धुतले, कागदावर मांडले, नव्या पट्ट्यांत बसवले, सांध्यांना वितळलेल्या कथलाचा डाख दिला. (अंगठ्यालाही दिला.) शेवटी एका शनिवारी तयार जहाज दाराच्या चौकटीत ठेवलं, कागदावर जसं होतं अगदी तस्संच ते बाहेरून दिसेल असं, आणि चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या. ग्लेनिस आतून बघत होती. संध्याकाळचं ऊन काचेतून तिच्या तोंडावर पडलं, एक गाल लाल, एक हिरवा.

"क्लिफर्ड," ती म्हणाली, "हे तू केलंस?"

याही वेळी 'तू'च होतं, पण सूर निराळा. माझी छाती अशी फुगली की स्वेटर आखूड झाला.

सोमवारी डबे उचलण्याचा दिवस. आमच्यात ठरलेलं होतं, जो आधी उठेल त्याने दोन्ही घरांचे रिकामे डबे आत आणायचे. त्या सोमवारी म्युरिएलने फक्त तिचा डबा आणला. आमचा पदपथावर एकटाच उभा. मी म्हटलं, वय झालं, विसरली असेल. गुरुवारी तिने डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला. शुक्रवारी ती मला कुंपणापाशी भेटली, आणि कौतुक ऐकायला आसुसलेला मी सरळ विषयालाच हात घातला.

"काय, मिसेस क्रॅब्ट्री? पाहिलंत का आमचं जहाज?"

"पाहिलं, मिस्टर एन्टविसल."

एरवी मला 'अरे क्लिफर्ड' म्हणणारी बाई आज 'मिस्टर एन्टविसल' म्हणाली! कलेला मान असतो तो हा, असं मला वाटलं.

"मग? काय म्हणायचंय ते कळतंय ना बघणाऱ्याला?"

"अगदी स्पष्ट कळतंय."

"स्पष्ट तर व्हायलाच हवं! इतकी वर्षं सगळं अंधूकच होतं."

"हं. म्हणजे इतकी वर्षं मनात होतंच तुमच्या."

"मनात होतं, पण धीर होत नव्हता हो."

"आणि ग्लेनिसला? तिला हे पसंत आहे?"

"पसंत? अहो, डोळ्यांत पाणी आलं तिच्या! म्हणाली, हे आधीच करायला हवं होतं."

म्युरिएल माझ्याकडे बघत राहिली. तिची हनुवटी थरथरत होती. "स्टॅन्ली हे बघायला नाहीत ते बरं झालं," असं म्हणून ती आत गेली. दार तिने अगदी हळू लावलं. आमच्याकडे दार आपटलं तर माणूस चिडलाय असं समजायचं. हळू लावलं तर संपलंच. मी मात्र आत येऊन ग्लेनिसला सांगितलं की म्हातारी भारावून गेली आहे.

ग्लेनिसने आनंदाने सफरचंदाचा केक करून तिच्या पायरीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी केक आमच्या पायरीवर. सुरीसुद्धा लागलेली नाही. सोबत चिठ्ठी: 'आभारी आहे. – मिसेस एम. क्रॅब्ट्री.'

ग्लेनिसचा चेहरा पांढरा पडला. "मिसेस एम. क्रॅब्ट्री? क्लिफर्ड, तू काय बोललास तिला?"

"जहाजाबद्दल बोललो. तुलाही पसंत आहे म्हणालो."

ती बाहेर धावली, मी मागोमाग. पदपथावर उभं राहून तिने वळून दोन्ही दारांकडे पाहिलं. कामाच्या घाईत इतके दिवस आम्ही दोघांनीही समोर उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं. म्युरिएलचं जहाज नेहमीसारखं आमच्याकडे येत होतं. आणि आमचं जहाज तिच्याकडे पाठ करून, शिडं फुगवून, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे पळत सुटलं होतं.

"तू जहाज फिरवलंस," ग्लेनिस हळूच म्हणाली.

"फिरवलं नाही. ते... आतून घासलं होतं ना, म्हणून कागदावर उलटं उमटलं..."

"ती बिचारी रोज सकाळी दार उघडताना आधी हे बघते. नवरा गेल्यावर जहाजसुद्धा तोंड फिरवतं म्हणजे काय वाटलं असेल तिला! आणि तू वर सांगून आलास की मला पसंत आहे!"

ग्लेनिस रडायला लागली. भर पदपथावर, दिवसाढवळ्या, आमच्या गल्लीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती लगेच डोळे पुसून कुंपणाकडे गेली, पण म्युरिएलने पडदा ओढून घेतला. दार वाजवलं, उघडलं नाही. "आधी जहाज नीट कर," ग्लेनिस मला म्हणाली. "तोंडी बोलण्यात आता काही राहिलेलं नाही. तिला दिसेल तेव्हाच पटेल."

मी त्याच दिवशी चौकट उघडली, दारावर परत फळी ठोकली आणि जहाज शेडमध्ये नेलं. वर्गातल्या बाईंना विचारावं असं एकदा मनात आलं होतं, पण कोणत्या तोंडाने विचारणार? वहीतल्या त्या दोन रेघा माझ्याकडेच बघत होत्या. मी नवा कागद घेतला, जुन्या नकाशाच्या मागच्या बाजूने दिसणाऱ्या रेघा त्यावर गिरवल्या, आणि उजवीकडे तोंड केलेल्या जहाजाचा नवाकोरा नकाशा तयार केला. डोक्याचं काम होतं. मला अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. मग सगळ्या नव्या पट्ट्या कापून काढल्या. परत एकशे बारा तुकडे. एकेक तुकडा उचलायचा, पालथा करायचा, नव्या नकाशावर मांडायचा. परत पट्ट्या, परत डाख, परत अंगठा. झेंड्याचा तुकडा फुटला म्हणून नवा आणला. शेवटी समुद्राचा एक तुकडा उरला, तो मी खिशात घातला आणि कोणाला बोललो नाही.

तिकडे फळी ठोकलेली पाहून म्युरिएलची खात्रीच पटली की, आता आम्ही तिला जहाजाची पाठसुद्धा दाखवायला तयार नाही. तिने तिचं दार वापरणंच सोडलं, मागच्या फाटकाने ये-जा करू लागली. गुरुवारी संध्याकाळी ग्लेनिस टेबलावर एकटीच कोडं मांडून बसायची. आकाशाचे तुकडे आकाशात घालायची, काढायची. मी चहा नेऊन ठेवायचा आणि परत शेडमध्ये पळायचं.

तीन आठवड्यांनी जहाज पुन्हा दारात बसलं. या वेळी मी आधी रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर जाऊन खात्री केली. आमचं जहाज म्युरिएलकडे निघालं होतं. ग्लेनिसने रात्रंदिवस मनात घोळवलेलं पत्र एका दमात लिहून काढलं, चार पानं, पाठपोट, आणि म्युरिएलच्या दाराच्या फटीतून आत टाकलं. मग आम्ही दोघं दिवाणखान्यात वाट बघत बसलो. ग्लेनिसच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता.

अर्ध्या तासाने बेल वाजली. म्युरिएल पायरीवर उभी, हातात पत्र.

"चार पानं लिहिलीस, ग्लेनिस," ती म्हणाली. "सुंदर लिहिलंस. पण माझा विश्वास बसत नाही."

"अगं म्युरिएल, देवाशपथ, चूकच झाली याच्या हातून!"

"चूक असती तर पाच मिनिटांत सुधारली असती. लाकडाच्या चार पट्ट्या काढायच्या, काच उचलायची, फिरवून उलटी ठेवायची, पट्ट्या परत ठोकायच्या. आतली बाजू बाहेर. झालं जहाज सरळ. तीन आठवडे लागतात का त्याला? तीन आठवडे फळी कशाला होती दारावर? तेवढा वेळ माणूस विचार करत असतो, वळवावं की नाही याचा."



"फिरवून," मी म्हणालो.

"हो."

"म्हणजे... आख्खीच्या आख्खी?"

"मग काय एकेक तुकडा सुटा करून?"

  पट्टी बांधलेला अंगठा मी हळूच पाठीमागे नेला.

म्युरिएलने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने ग्लेनिसकडे पाहिलं, आणि तिचा खालचा ओठ थरथरला. पण या वेळी रडू येत होतं म्हणून नव्हे. दाराला धरून ती इतकी हसली, इतकी हसली, की ग्लेनिसला तिला खुर्चीवर बसवावं लागलं. मग ग्लेनिसही हसू लागली, आणि दोघी एकमेकींचे हात धरून डोळे पुसत बसल्या.

"पटलं गं, पटलं," म्युरिएल धापा टाकत म्हणाली. "एवढं काही मुद्दाम करणं कोणालाच जमायचं नाही."

ग्लेनिसने तिच्या हातातून ती चार पानं काढून घेतली, चुलीशेजारच्या रद्दीच्या टोपलीत टाकली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

"उगाच लिहीत बसले मी," ती जाता जाता म्हणाली. "याचं तोंडच तुझ्याकडे पाठवून दिलं असतं, तर तीन आठवडे वाचले असते."