सुदामकाकांची राहिलेली भाषणं

आमच्या गावात सुदामकाका बोलल्याशिवाय मयत उरकली, असं कोणी मानत नसे.

चिता नीट पेटली, माणसं नाल्याकाठच्या बाभळींखाली टेकली, की सुदामकाका खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत उभे राहायचे. दोनदा खाकरायचे आणि सुरू करायचे, "माणूस चांगला होता, पण..."

सगळे कान त्या 'पण'साठी टवकारलेले असायचे. "मयताले खोटं चालत नाही," असं त्यांचं म्हणणं. गुणाबरोबर अवगुणही सांगायचे आणि शेवटी चितेकडे बोट करून म्हणायचे, "खोटं असन तर त्यानं उठून सांगावं." आजवर कोणी उठलं नाही.

गावातला एक नावाजलेला चिक्कू गेला तेव्हा काकांनी जमलेल्यांना विचारलं, "याच्या घरची चाय कोणी पेली असन त्यानं हात वर करा." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्या पेली. पण साखर नव्हती." गेलेल्याचा मुलगासुद्धा हसला आणि हसता हसता रडायला लागला. काका हळूच म्हणाले, "पण नाला आटला त्या साली यानं आपली विहीर गावाले खुली करून देली. साखर नव्हती, पाणी होतं."

असं बोलायचं तर माहिती लागते. त्यासाठी काका आजारी माणसाकडे वेळेतच जाऊन बसायचे. खाटेजवळ टेकायचे आणि विचारायचे, "कोनासंग बोलचाल बंद आहे तुमची? भेव कायचं वाटते?" आजारी माणसाला या प्रश्नांचा अर्थ कळायचा. माझी आजी पंधरवडाभर अंथरुणाला खिळून होती. काका दारात दिसले तशी ती उठली, खराटा घेतला आणि अंगण झाडायला लागली. त्यानंतर ती दोन वर्षं जगली.

मारेगावच्या बाजूला कुठल्याही खेड्यात मयत असली, तरी काका कोणाच्या तरी फटफटीवर मागे बसून पोचायचे. ओळख असायलाच हवी असं नव्हतं. आणि असा हा बोलका माणूस घरी मात्र घुम्यासारखा राहायचा. शांताकाकू आईजवळ म्हणायच्या, "मेलेल्यायसंग बोलते, जित्यायसंग नाही. माह्यासंग बोलाचं असन तर मले मराच लागन." आई त्यांना गप्प करायची.

मग लॉकडाऊन आला. गावाच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले गेले. मयतीला मोजकी माणसं न्यायचा हुकूम आला आणि त्या मोजक्यांत सुदामकाका कशाला असतील? पहिली लाट आमच्या गावाला फारशी शिवली नाही. दुसरीनं कसर भरून काढली. खोकला झालेलं माणूस गाडीत बसून यवतमाळला जायचं आणि तिकडूनच निरोप यायचा. जाळलं कोणी, कुठे, कसं, काही कळायचं नाही. काका ओट्यावर बसून असायचे. मी समोरून गेलो की म्हणायचे, "नुसते जाळून राह्यले, बाप्पा. कोनी काही बोलूनच नाही राह्यलं."

माझे वडील त्याच उन्हाळ्यात गेले, घरीच. आम्ही चौघांनी त्यांना नाल्यावर नेलं. तोंडाला फडकी बांधलेली, एकमेकांकडे बघायचीही भीती. पेटवलं आणि निघालो. वळून पाहिलं तर लांब शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, सुदामकाका उभे होते. त्यांचे हात हलत होते. ते बोलत होते, पण वारा उलटा होता. एक शब्द आमच्यापर्यंत आला नाही.

त्यानंतर आठवड्याभरातच शांताकाकूंना ताप भरला. त्यांना यवतमाळला नेलं आणि काकांना तपासून गावच्या शाळेत वेगळं ठेवलं. काकू गेल्याचा निरोप पोलीस पाटलानं शाळेच्या खिडकीतून दिला. काका शाळेतून सुटून आले ते सरळ घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पावसाळा सरत आला तसे निर्बंध सैल व्हायला लागले. बांबू निघाले. आठवडी बाजार भरला. लोक बाजारात भेटले की आधी एकमेकांना नीट बघून घ्यायचे, मग विचारायचे, तुमच्याकडे कोण गेलं? जणू पेरणी किती झाली ते विचारावं, तसं.

आणि एके दिवशी सुदामकाका धुतलेला दुपट्टा घेऊन बाहेर पडले. ज्यांच्या घरचं माणूस त्या दिवसांत गेलं होतं, त्या घरी जायचे, घरच्यांना बसवायचे आणि उभं राहून राहिलेलं भाषण करायचे. काही घरांत लोक ऐकून ढसाढसा रडले. एका घरच्या सुनेनं मात्र दार अर्धंच उघडलं. "आता कायले उकरून काढता, काका? आत्ता कुठं पोरं जेवाले लागले." काकांनी मान डोलावली आणि तिच्या अर्ध्या दारापुढून परतले.

आमच्याकडे ते कापूस वेचणीच्या दिवसांत आले, उन्हं कलल्यावर. ओसरीवर आई आणि मी बसलो. "माणूस चांगला होता, पण मोठा अडेल," काकांनी सुरू केलं. "तुमच्या अंगनात आलेल्या आमच्या लिंबाच्या एका फांदीसाठी माह्याशी सात वर्षं भांडला. अन् मी टायफॉइडनं पडलो तं माहं वावर सांगितल्याबिगर वखरून देलं. बरा झाल्यावर मी आभार मानाले गेलो. मले म्हने, ते जाऊ दे, फांदी कधी तोडतं?"

आई पदर तोंडाला लावून हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. मग बराच वेळ रडली. आम्हाला दोघांनाही हलकं वाटलं.

काका निघाले तेव्हा आईनं विचारलं, "अन् शांताबाईचं कधी?"

काका पायरीवरच थांबले. "तिचं नाही जमत."

"काहून? साऱ्या गावाचं जमलं."

"खोटं मी बोलत नाही," ते म्हणाले, "अन् खरं मले माहीत नाही, वहिनी. रोज रात्री उजळणी करतो. शांता चांगली होती, इथंच गाडी थांबते. पुढचं काहीच येत नाही. साऱ्यायले विचारत फिरलो, तिले कधी विचारलंच नाही."

रस्त्यावरून वेचणीच्या बाया वावरातून परतत होत्या, त्यांना आईनं हाक मारली. चार-पाच जणी अंगणात येऊन बसल्या. आई म्हणाली, "शांताबाईचं सांगा वं. यायले आयकाचं आहे."

बाया आधी लाजल्या. मग एकीनं तोंड उघडलं. काकू वेचणीत सगळ्यांच्या पुढे असायच्या आणि मागे राहिलेलीची ओळ गुपचूप उरकून द्यायच्या. दुसरी म्हणाली, रागीट होती, एकदा मजुरांच्या मुकडदमावर पाण्याचा गडवा फेकला होता. तिसरीनं सांगितलं, त्या पालीला इतक्या भ्यायच्या की किंचाळत बांधावर चढायच्या. काका भिंतीला पाठ लावून खाली बसले होते. ते कोणाचं इतकं ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अन् अंबाडीचे फुलं," एक म्हातारी म्हणाली. "कच्चेच खाये. मीठ लावून. तुमच्याच धुऱ्यावरचे तोडे."

"आमच्या धुऱ्यावरचे?" काकांनी विचारलं.

म्हातारीनं ओटी सोडली. चटणीसाठी तोडलेली लाल फुलं तिच्याजवळ होती. तिनं त्यातली मूठभर काकांपुढे धरली. आईनं आतून मीठ आणलं.

काकांनी एक फूल मिठाला लावून तोंडात टाकलं. आंबटाईनं त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळे गच्च मिटले, त्यातून पाणी आलं. बाया हसल्या. काकांनी डोळे पुसले नाहीत. चावत राहिले, गिळलं, आणि म्हातारीपुढे पुन्हा हात केला.