नागोरावांची देवाला नोटीस

नागोराव काकांनी देवाला कारणे दाखवा नोटीस काढली, त्या दिवशी मी नेमकी रजेवर होते. नाहीतर प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं.

मी धाराशिवच्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या टेबलावर एक अभिप्राय वही असते. पुस्तक परत करताना वाचकाने दोन ओळी लिहाव्यात, ही कल्पना माझीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रजेवरून आल्यावर वही उघडली, तर पानभर, समास आखून, निळ्या शाईत लिहिलेलं:

"प्रति, मा. परमेश्वर, स्वर्ग. विषय: सात देवदूतांना चौकशीविना काढून टाकल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण देवदूत झरीएल व इतर सहा यांना म्हणणे मांडण्याची संधी न देता पृथ्वीवर ढकलून दिले आहे. तरी आपला लेखी खुलासा सात दिवसांच्या आत योग्य मार्गे सादर करावा. मुदतीत खुलासा न आल्यास आपणांस काही म्हणावयाचे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल."

खाली सही, आणि सहीखाली कंसात 'सेवानिवृत्त'.

"काका, देवाचा खुलासा योग्य मार्गे म्हणजे कोणत्या मार्गे येणार?" मी विचारलं.

"आपल्या जिल्ह्यात यायचा म्हणल्यावर तुळजापूरमार्गेच की," काका म्हणाले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

नागोराव काका एका सरकारी कार्यालयात आस्थापना कारकून होते. म्हणजे कोण कधी लागला, कुणाची बदली झाली, कुणाला नोटीस गेली, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्त होऊन नऊ-दहा वर्षं झाली, पण टेबल काही सुटलं नाही. सकाळी दहाच्या ठोक्याला वाचनालयात हजर. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. बायको गेल्यापासून घरी जेवायला वाढणारं कुणी नाही, तरी सुट्टी एकचीच. 'योग्य मार्गे' हा त्यांचा मंत्र. पुतणीला आलेलं चांगलं स्थळ त्यांनी केवळ एवढ्यासाठी परत पाठवलं, की मुलाच्या मामाने मध्यस्थाला वगळून थेट फोन केला होता. आठवड्याने तेच स्थळ मध्यस्थामार्फत आलं, तेव्हा लगेच होकार. लग्नही झालं, पुतणी सुखात आहे, आणि याचं श्रेय काका आजही कागदपत्रांना देतात.

अशा माणसाच्या हाती देवदूतांची कादंबरी लागली कशी? तर कोंबड्यांमुळे. त्यांच्या उमरग्याच्या जावयाला कोंबड्यांची शेड टाकायची होती. जावयाला सल्ला द्यायचा तर आधी वाचलं पाहिजे, म्हणून काका कपाटापाशी गेले. एका जाडजूड पुस्तकावर पांढरी पिसंच पिसं दिसली. मी फोनवर होते, न बघता नोंद केली. तिसऱ्या दिवशी तक्रार आली.

"मॅडम, हेच्यात कोंबडी एकबी न्हाय."

"मग परत करा, दुसरं देते."

"आता कशाचं परत? शंभर पानं वाचून झाली. प्रकरण लई गंभीर हाय."

प्रकरण थोडक्यात असं. स्वर्गातला झरीएल नावाचा देवदूत देवाला एक प्रश्न विचारतो. देव रागावतो. त्याला आणि त्याची बाजू घेणाऱ्या सहा जणांना पंख काढून घेऊन खाली ढकलतो. पुढची तीनशे पानं ते राखेच्या एका शहरात भटकतात. आमच्याकडे या कादंबरीला तरुण मुलांनी रांग लावली होती, आणि वहीत अभिप्रायांचा पाऊस पडला होता. काका रोज ते अभिप्राय वाचायचे आणि प्रत्येकाखाली शेरा मारायचे.

कॉलेजच्या एका मुलीने लिहिलं होतं, "झरीएल!!! मी दोन दिवस रडले. दुसरा भाग लवकर आणा प्लीज." खाली शेरा: "रडण्याचे कारण नमूद नाही. त्रुटीपूर्ततेसाठी परत."

ढोकीचा एक ऊसवाला लिहितो, "देवदूत असून तीनशे पानं पायी हिंडायलेत. कारखाना चालू असताना वाचू नये, झोप येते." शेरा: "पंख जप्त आहेत. पान बत्तीस पाहावे."

एका बाईंचं म्हणणं होतं, "एवढ्या मोठ्या पुस्तकात सातजण मिळून एकदाच जेवतात, तेही फळं. लिहिणाऱ्याच्या घरी कुणी स्वयंपाक करत नाही का?" शेरा: "मुद्दा ग्राह्य."

इथपर्यंत मी हसत होते. पण मग आमचे उपाध्ये सर मध्ये पडले. सर निवृत्त शिक्षक, मूळचे तुळजापूरचे, वाचनालयाच्या समितीवर आहेत आणि वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. त्यांनी लिहिलं, "देव इतका निर्दयी दाखवणे पटत नाही. देव कोणालाही विनाकारण काढून टाकत नाही." आणि त्याच्या बरोब्बर खाली काकांची ती नोटीस. सरांना वाटलं, नोटीस देवाला नसून आपल्यालाच आहे.

"ते पान रद्द करा," सर म्हणाले, "नाहीतर मी विषय समितीपुढं ठेवतो."

मी काकांना गोडीत सांगितलं. म्हटलं, एक तिरकी रेघ मारा, खाली सही करा, मिटलं. काका ऐकेनात. काढलेली नोटीस अशी मागे घेता येत नाही म्हणाले. मग माझाही तोल गेला.

"काका, कादंबरी आहे ती! कुणीतरी घरी बसून रचलेली. ते देवदूत नाहीत, ते ढकलणं नाही, काही नाही. कशाला एवढं जिवाला लावून घ्यायलाव तुम्ही?"

काका खुर्चीत बसले. जवळजवळ मला ऐकूच येणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मी एकाला ढकललंय, मॅडम."

त्याचं नाव सिद्राम. नळदुर्गचा. काकांच्या कार्यालयात रोजंदारीवर शिपाई होता, कायम व्हायच्या बेतात आलेला. दोघांचा डबा एकत्र. सिद्रामच्या डब्यातली शेंगाचटणी काका संपवायचे आणि काकांच्या घरचं लोणचं सिद्राम. मग सिद्रामची बायको सोलापूरला दवाखान्यात होती तेव्हा तो महिनाभर कामावर आला नाही. त्याला नोटीस गेली. तीही काकांनीच टाईप केलेली. सिद्रामने मुदतीच्या आदल्या दिवशी खुलासा लिहून आणला आणि दोस्त म्हणून सरळ काकांच्या हातात दिला.

"तो शाखेच्या साहेबाच्या सहीनं यायला पाह्यजे व्हता," काका सांगत होते. "साहेब दौऱ्यावर. म्या कागद ड्रॉवरमध्ये ठिवला. म्हणलं, साहेब आले की सही घेऊ, मग आवक करू. दुसऱ्या दिशी मोठ्या साहेबांनी इचारलं, 'खुलासा आला का?' मी आवक रजिस्टर बघितलं. नोंद नव्हती. मी म्हणलं, 'न्हाय आला.'"

"पण तो तर तुमच्याच ड्रॉवरमध्ये होता!"

"नोंद न्हाय म्हणजे आलाच न्हाय, मॅडम. असंच शिकलो मी. संध्याकाळच्या आत आदेश निघाला."

मला आधी भयंकर राग आला. मग त्यांच्याकडे बघून दया आली, आणि मग पुन्हा राग आला. सहीसाठी एका माणसाची नोकरी! मी विचारलं, त्यानंतर कधी भेटलात का त्यांना?

"त्याचं हॉटेल हाय नळदुर्गला, स्टँडासमोर. लेकीकडं उमरग्याला जाताना गाडी थांबती तिथं. मी पलीकडच्या खिडकीला बसतो."

"किती वर्षं?"

"सव्वीस-सत्तावीस झाली असतील."

आमचे काका, तारखेसकट सगळं सांगणारे, त्या दिवशी 'असतील' म्हणाले.

"देवाकडून सात दिवसांत खुलासा मागायलाव," मी म्हटलं, "आणि तुमचा कधी देणार? या खेपेला नळदुर्गला उतरा."

"काय म्हणून उतरू? कोणत्या तोंडानं?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "ही कादंबरी घेऊन जा. वाचनालयाकडनं अभिप्राय घ्यायला आलो म्हणा."

त्यांनी विचार केला. बराच केला. मग म्हणाले, "तसं पत्र द्या."

दिलं. वाचनालयाच्या कागदावर, जावक क्रमांक घालून: "सदर पुस्तकाबाबत श्री. सिद्राम, नळदुर्ग यांचा अभिप्राय घेण्यासाठी श्री. नागोराव यांना प्राधिकृत करण्यात येत आहे." शिक्का मारताना मला हसू येत होतं, तरी तो मी अगदी सरळ, नीट मारला. काकांनी पत्राची घडी पुस्तकात ठेवली आणि गुरुवारच्या गाडीने गेले.

शुक्रवारी दहा वाजले, काका नाहीत. शनिवारी नाहीत. फोन लावला तर बंद. मी स्वतःलाच शिव्या घालायला लागले. म्हाताऱ्या माणसाला चढवून पाठवलं, तिकडे अपमान झाला असेल, नाहीतर तब्येत बिघडली असेल. उपाध्ये सरांनीसुद्धा दोनदा विचारलं, "आले का हो ते?"

सोमवारी दहाला काका आले. मागे एक उंच, वाळकासा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात कापडी पिशवी.

"हे सिद्राम," काका म्हणाले. बाकी बोलायचं काम सिद्राम काकांनी केलं.

"हा गाडीतनं उतरला अन् काय बोलंना, जागचा हलंना. नुसता कागद पुढं केला. तुमचा शिक्का बघून म्या म्हणलं, आता हॉटेलावनं पण काढतेत का काय!" ते मोकळेपणी हसले. "मग बसला अन् पुस्तक वाचून दाखवाय लागला. तीन दिवस. ट्रकवाले चहा संपला तरी उठंनात. एक हैदराबादवाला तर म्हणला, पुढं काय झालं ते फोनवर सांगा."

"आणि खुलाशाचं?" मी काकांकडे पाहत विचारलं.

"ते काल सांगितलं त्यानं. पुस्तक संपल्यावर," सिद्राम काका म्हणाले. "मला ठाऊक व्हतं, बाई. आदेश घ्यायला गेलो तवा ह्यानं पेन काढायला ड्रॉवर वढला. वरच माझा कागद."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलून काय? सही झालेली. अन् खरं सांगू का, नोकरीचं लई वाईट न्हाय वाटलं. बायको बरी होऊन घरी आली, हॉटेलावर दोन पोरं शिकली. पण ह्यो यायचा बंद झाला. उमरग्याची गाडी लागली की मी भट्टीपासनं बघायचो. हा तिकडं तोंड करून बसलेला. मागनं टक्कल तेवढं दिसायचं. आधी केस व्हते, मग टक्कल पडलं. सगळं गाडीतच बघितलं की मी ह्याचं. बायको म्हणायची, जा, हाक मार. मी म्हणायचो, येतंय एक दिवस त्येचं त्ये."

काका कपाटाकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. पेपर वाचणाऱ्या उपाध्ये सरांनी पेपर खाली ठेवला, उठून काकांना पाण्याचा पेला दिला, आणि समितीचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

"बरं, पुस्तक कसं वाटलं?" मी सिद्राम काकांना विचारलं. पत्रच तसं दिलं होतं, विचारणं भाग होतं.

"झ्याक हाय. फकस्त एक पटलं न्हाय. सातजण खाली पडले. वर बाकीचे शेकडो ऱ्हायले. त्येंच्यातला एकबी कधी खाली भेटायला येत न्हाय. एवढं लिव्हायला पाह्यजे व्हतं."

दुसरा भाग येणार आहे म्हटल्यावर त्यांना सभासद व्हायचं होतं. मी अर्ज दिला. पण आमच्याकडे नियम आहे, सभासद धाराशिवचाच रहिवासी हवा. हे मी सांगणार, तेवढ्यात काका पुढे आले. पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी आपला घर नंबर, आपली गल्ली सांगायला सुरुवात केली.

"अरे, मी ऱ्हातो नळदुर्गला," सिद्राम काका म्हणाले.

"महिन्यातनं दोनदा पुस्तक बदलायला येणार. त्या दिशी परत जाणार हाईस का? मुक्काम माझ्याकडंच ना? दोन खोल्या रिकाम्या हायत. लिही."

"असं चालतं का पण कागदावर?"

"लिही म्हणलं ना गप."

सिद्राम काकांनी लिहिलं. मी तो अर्ज दोनदा वाचला, आणि शिक्का मारला.