नाव घ्या, मग दोर सोडतो

"डोंगर म्हणजे आपल्या घरचा मामला!" व्यंकटरावांनी शनिवारी जेवताना जाहीर केलं. "रोज सकाळी गोगाबाबा टेकडी चढतो मी. तीही न थांबता! तुमचा तो कातळ काय मला नवीन आहे?"

"बाबा, टेकडीला पायवाट आहे," ओवी म्हणाली. "कातळाला नाही."

"मग आपण करू!"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून व्यंकटरावांचा आवाज एक पट्टी वर गेला होता. ऑफिसात हाताखालच्यांवर खर्च व्हायचा तो सगळा आवाज आता घरातच शिल्लक राहत होता, त्याला बिचारे ते तरी काय करणार! लेक ओवी दर रविवारी शहरालगतच्या सातारा परिसराच्या मागच्या डोंगरात कातळावर चढायला जायची. तिथं नवशिक्यांसाठी एक दिवस ठेवलाय म्हटल्यावर तिनं आईबाबा दोघांची नावं देऊन टाकली. तीन मजली उंच कातळ, आणि माथ्यावर एक पितळी घंटा टांगलेली. जो वर पोचेल त्यानं ती वाजवायची.

एवढं ऐकल्यावर व्यंकटरावांनी टेकडीवरच्या झाडून सगळ्या मंडळींना सांगून ठेवलं, "सोमवारी घंटा वाजवतानाचा व्हिडिओ दाखवतो!" आता माघार घ्यायची सोय राहिली नव्हती.

"मी आपली डबा घेऊन येते," उमाबाई म्हणाल्या. "धपाटे आणि दही. तुम्ही चढा, मी बघते."

रविवारी सकाळी कातळासमोर उभं राहिल्यावर व्यंकटराव पहिल्यांदा गप्प झाले. फोटोत तो कातळ जरा कललेला दिसत होता. प्रत्यक्षात तो ताठ उभा होता, एखाद्या तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

शिकवणारी तनुजा शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर होती. मूळची सिल्लोडकडची, बोलणं एकदम रोखठोक. तिनं सगळ्यांना कमरेचे पट्टे चढवले, डोक्यावर हेल्मेटं ठेवली आणि कातळावरून खाली सोडलेले तीन दोर दाखवले.

"दोर माथ्यावरच्या कडीतून जाऊन परत खाली येतो. त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला. दुसरं खाली उभ्या माणसाच्या हातात. चढणारा चढला की यानं दोर ओढून घ्यायचा, त्यानं सोडा म्हटलं की सोडायचा. या कामाला बिले म्हणतात. आणि एक नियम कान उघडे ठेवून ऐका! वरून हाक मारताना आधी माणसाचं नाव, मग काय पाहिजे ते. नाव नाय, तर दोर हलवायचा नाय! तीन दोर हायेत, कोण कुणाला बोलायलंय हे कळायला नको व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. उमाबाईंनी मात्र मान डोलावली नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला मान व्यंकटरावांचा. त्यांचा दोर तनुजानं स्वतः धरला. क्लाइंबिंगच्या त्या बुटात पायाची बोटं गुळाच्या ढेपेसारखी दाबून बसली होती, तरी व्यंकटराव जोरात निघाले. पहिली तीन पावलं तर अशी टाकली की ओवीनं कौतुकानं शिट्टी मारली. मग त्यांनी खाली बघितलं.

झालं! दीड पुरुष उंचीवर व्यंकटराव कातळाला दोन्ही हातांनी बिलगले.

"काका, दगडाला मिठी मारू नका," तनुजा ओरडली. "तो पळून चालला नाय!"

"मी... मी जरा नजारा बघतोय!"

"डोळे मिटून?"

शेवटी त्यांना अलगद खाली घेण्यात आलं. जमिनीला पाय लागताच व्यंकटरावांचा आवाज परत आला. "आज वारा जरा उलटा आहे. नाहीतर..." ते वाक्य पूर्ण व्हायच्या आत तनुजानं उमाबाईंकडं बोट केलं.

"काकू, चला."

"मी? अगं, मी डबा घेऊन आलेय!"

"डबा पळून चालला नाय."

आता खरं सांगायचं तर उमाबाई मघापासून डब्याकडं बघतच नव्हत्या. व्यंकटराव नजारा बघत होते तेव्हा त्या कातळ बघत होत्या, शहागंजाच्या बाजारात मेथीची जुडी निवडावी तशा बारकाईनं. इथं पाऊल, तिथं बोटं, त्या कपारीत टाच. ओवीनं आग्रहानं घालायला लावलेली ट्रॅकपँट त्यांनी जरा वर खोचली आणि त्या उठल्या. "घंटेपर्यंत गेलं तर पाहिजे एकदा," त्या हळूच म्हणाल्या. लग्नानंतर प्रथमच त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं होतं, आणि मागितलं तेही कातळाकडं!

दोर धरायला व्यंकटराव. "बायको माझी, दोर मीच धरणार!" असं त्यांनीच छाती पुढं काढून सांगितलं होतं. त्यांच्या मागं खबरदारी म्हणून दोराचं उरलेलं टोक, म्हणजे शेपूट, धरून ओवी उभी राहिली. शेजारच्या दोरावर देवेश नावाचा तरुण चढत होता. त्याचा दोर त्याच्या सासऱ्यांच्या हातात, म्हणजे सिल्लोडचे कापसाचे व्यापारी मोतीराम यांच्या. दोराचं शेपूट देवेशची बायको मोनिका हिच्याकडं. सासूबाई सत्यभामा मोबाइल घेऊन जावयाचा व्हिडिओ काढायला सज्ज!

उमाबाई चढायला लागल्या, आणि व्यंकटरावांचा जबडा खाली आला.

ती बाई घाईच करत नव्हती! एक पाय ठेवायचा, त्याच्यावर वजन टाकून बघायचं, मग दुसरा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून, फळीला हात घालून, माळ्यावरची लोणच्याची बरणी एका हातानं उतरवणारी बाई ती. इतकी वर्षं व्यंकटराव खाली बसून "पडशील हं" एवढंच म्हणत आले होते, पेपरातून मान वर न काढता. आज पेपर नव्हता. आज त्यांना पहिल्यांदा दिसलं की बायकोला तोल किती सुंदर सांभाळता येतो. त्यांना अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती पडली तर?

या विचारासरशी त्यांनी दोर असा आवळून धरला की बस! उमाबाई अर्ध्या चढत होत्या आणि अर्ध्या ओढल्या जात होत्या. घंटा आता चार हातांवर होती. पण तिथं जायला आधी एक पाऊल खाली आणि मग डावीकडं सरकायला हवं होतं. दोर त्यांना खाली येऊच देईना. विहिरीतून निघालेल्या बादलीसारख्या त्या तिथं अडकल्या.

वरून हाक आली, "अहो! जरा ढिला सोडा की!"

व्यंकटराव गोठलेले. सगळं लक्ष मुठीतल्या दोरावर, हाक त्यांना ऐकूच आली नाही. पण शेजारचे मोतीराम! घरात 'अहो' ऐकलं की दुसरा विचार न करता हुकूम पाळायचा, ही त्यांची उभ्या आयुष्याची सवय. त्यांनी तात्काळ दोर सोडला!

"आईऽऽ!" देवेश सर्रकन दोन हात खाली आला आणि लोंबकळत गोल फिरायला लागला. मोनिकानं शेपूट घट्ट धरलं म्हणून थांबला.

"अहो!" सत्यभामाबाई कडाडल्या. "जावयाला पाडता व्हय?"

"आता तुम्हीच म्हणलात ना, सोडा म्हणून!"

"मी कवा म्हणलं?"

तनुजा धावत देवेशच्या दोराकडं गेली आणि तिथूनच वर बघून गरजली, "काकू! नियम काय सांगितला होता? नाव घ्या! नावाशिवाय इथं कुणाचाबी दोर हलणार नाय!"

वरून उमाबाईंनी ओवीकडं बघितलं.

"आई, 'बाबा' म्हण ना!" ओवी ओरडली.

"बाबा नाय चालणार," तनुजा म्हणाली. "इथं अर्धी माणसं बाबाच हायेत."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. उमाबाईंनी लग्न झाल्यापासून साध्या बोलण्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. कुणाची सक्ती नव्हती. सासूबाई तर स्वतःच म्हणायच्या, "घे गं, काय होतंय!" पण जीभच वळायची नाही. दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं की त्या ओवीकडं बघत, ओवी नसली की आधार कार्ड पुढं करत. नाव घ्यायची एकच जागा त्यांना ठाऊक होती. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मुंज. तिथं मात्र त्या कुणाला ऐकत नसत!

"उमा, बोल गं!" असं व्यंकटरावांच्या मनात आलं, पण तोंडातून आलं, "अगं... अगं..." त्यांना हात उघडायचा होता. हात उघडत नव्हता. तिनं नुसती आपल्याला हाक मारावी, आपल्यालाच, म्हणजे बोटं सुटतील असं त्यांना उगाचच वाटत होतं.

वर उमाबाईंनी दुखरा हात एकदा झटकला. त्यांनी घंटेकडं बघितलं. खाली बघितलं. मग घसा साफ केला, आणि सबंध डोंगराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात...

"साताऱ्याच्या डोंगरावर वारा सुटला गार,
व्यंकटराव, दोर सोडा, हात दुखले फार!"

आणि मग जे व्हायचं तेच झालं. उखाणा झाला की मराठी माणूस काय करतो? टाळ्या वाजवतो! सत्यभामाबाईंनी वाजवल्या, पलीकडच्या दोरावरच्यांनी वाजवल्या, "वा वा वा! लई भारी, वहिनी!" म्हणत मोतीरामांनी तर दोन्ही हात वर करून वाजवल्या!

"पप्पा!" मोनिका किंचाळली.

देवेश आणखी दोन हात खाली. तनुजा आणि मोनिकानं मिळून दोर धरला. बिचारा सकाळी वर जायला निघाला होता आणि मघापासून खालीच येत होता. "मला आता जमिनीवरच सोडा," तो हताशपणे म्हणाला. "तेवढंच राहिलंय."

आणि व्यंकटराव? साऱ्या गर्दीत टाळी न वाजवलेला तो एकच माणूस. उखाण्यात नाव आलं आणि त्यांची बोटं आपोआप सैल झाली. हातभर दोर, बरोब्बर हातभर, त्यांनी वर जाऊ दिला. उमाबाईंनी पाऊल खाली घेतलं, डावीकडं सरकल्या, कपारीत बोटं घातली, एकदा "हुं" केलं आणि वर पोचल्या.

ठण्!

काय वाजवली घंटा! एकदा वाजवून भागेना म्हणून पुन्हा वाजवली. सत्यभामाबाईंनी जावयाला सोडून मोबाइल घंटेकडं वळवला. चेहरा लालबुंद, हेल्मेट कानावर कललेलं, आणि हसू इतकं रुंद की खालून दात मोजावेत. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही, हात दोरावर होते.

"काका, एकदम सही बिले दिलात," तनुजा म्हणाली. निवृत्तीनंतर त्यांच्या कामाचं कुणी कौतुक केलं, ते हे पहिलंच.

उतरताना अर्थात पुन्हा नियम आलाच. आता उमाबाईंना नुसता जोर चढला होता! "खाली घ्या"ला एक उखाणा, "जरा थांबा"ला एक, मधल्या कपारीत घाम पुसायला थांबल्या तिथं एक जादाचा. खाली पोचेपर्यंत शेजारच्या झाडाखाली सहलीला आलेली मंडळीही सतरंज्या उचलून जवळ येऊन बसली.

"मलाही घंटा वाजवायचीय," व्यंकटराव एकदम म्हणाले. "पुन्हा चढतो. दोर हिनं धरायचा."

तनुजानं उमाबाईंना मागून एका मोठ्या दगडाला बांधून टाकलं. व्यंकटराव वजनदार, नाहीतर ते खाली यायचे आणि उमाबाई दुसऱ्यांदा वर जायच्या!

या खेपेला व्यंकटराव बायकोसारखे चढले. सावकाश, पाय बघून, तोंड बंद ठेवून. दोन पुरुष उंची झाली. अडीच झाली. मघापेक्षा कितीतरी वर! मग हातातला जोर संपला, पाय सटकला आणि ते दोरावर लोंबकळले. घंटा अजून लांब होती. पण दोर तसूभरही हलला नव्हता.

"अगं!" त्यांनी हाक दिली. "खाली घे!"

खाली सत्यभामाबाईंनी वर बघितलं. मोनिकानं बघितलं. सहलीतल्या बायकांनी बघितलं. कुणीच हललं नाही.

"नाव घ्या," उमाबाई शांतपणे म्हणाल्या.

तेव्हा कुठं व्यंकटरावांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपणही 'अगं'च्या पुढं कधी गेलो नाही. "उ... उमा!"

"असं नाय चालणार, भावजी!" सत्यभामाबाईंनी मोबाइल सरसावला. "उखाण्यात पाहिजे! वहिनींनी घेतलं ना?"

व्यंकटराव वाऱ्यावर हलकेच गोल फिरले. एकदा शहराकडं, एकदा कातळाकडं. मग त्यांच्या तोंडून निघालं, आणि अगदी मनापासून निघालं,

"बढाया मारल्या मी, घंटा वाजवली हिनं..."

खाली एकच जल्लोष झाला! उमाबाईंनी मान खाली घातली, पण कान लाल झालेले सगळ्यांना दिसले.

"पुढं?" मोतीराम ओरडले. त्यांच्या हातात आता दोर ठेवलेला नव्हता.

"पुढं..." व्यंकटराव पुटपुटले. "उमाचं नाव घेतो... हिनं... तिनं... जिनं..." यमक काही येईना. पाटबंधारे खात्यात असा प्रसंग कधी आला नव्हता. "अगं उमा, काहीतरी सुचव ना!"

उमाबाईंनी पाय जमिनीत रोवले, दोर कमरेशी घट्ट घेतला आणि वर बघितलं.

"सुचू द्या सावकाश," त्या म्हणाल्या. "मी धरलंय."

व्यंकटरावांना यमक सुचलं तेव्हा धपाटे पार गार झाले होते. ते काय होतं, हे मात्र विचारू नका. सत्यभामाबाईंचा मोबाइल ऐन वेळी बंद पडला, आणि सोमवारी टेकडीवर "घंटेचा व्हिडिओ कुठंय?" असं सगळ्यांनी विचारल्यावर व्यंकटरावांनी अभिमानानं दाखवला तो उमाबाईंचा!