पाच इसाव्यांची लंका

भागूमावशीला मैल ठाऊक नव्हते आणि कोस तिला मान्य नव्हते. ती सगळं अंतर इसाव्यांत मोजायची. डोक्यावरची पाटी जिथं उतरवून मान मोकळी करायची, तो एक इसावा. नागफणी दोन इसाव्यांची, लोहगड तीन, राजमाची सहा. हे माप ती डोंगरापुरतंच ठेवत नसे. आमच्या सासूबाईंनी एकदा तिला अंगणात पाणी सांडल्याबद्दल ऐकवलं, तेव्हा सगळं शांतपणे ऐकून घेऊन ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "चार इसाव्यांचं बोलल्या."

थंडीच्या दिवसांत मुंबई-पुण्याची मंडळी लोणावळ्याला हवा खायला यायची आणि डोंगर चढायची. त्यांच्या फराळाच्या पाट्या कुसगावची भागूमावशी वाहायची. माणसं पुढं, ती मागं. वर पोचल्यावर माणसं कड्याच्या टोकाशी जाऊन हातवारे करत उभी राहायची, आणि ही पाठमोरी बसून सतरंजी अंथरायची, ताटल्या मांडायची. त्यांचं खाणं झालं की भांडी घासून पाटी भरायची, तोवर मंडळी उतरायला लागलेली असायची. तीस वर्षं हा क्रम. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, कुसगावात एक खोली आणि दारात शेवग्याचं झाड.

आता माझी ओळख करून द्यायला हवी, कारण या गोष्टीतला गाढवपणा सगळा माझा आहे. मी अठरा वर्षांची, पुण्याहून नवीन लग्न होऊन लोणावळ्याला आलेली. नवरा रेल्वेत तिकीट खिडकीवर. मी इंग्रजी पाच इयत्ता शिकलेली, आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या दोन वाक्यांत कळावी अशी व्यवस्था करणारी. नाकावर अभिमान आणि पोटात भीती, असं ते ध्यान होतं. भीती सासूबाईंची, नवऱ्याची, शेजारणींची, पोस्टमनचीसुद्धा. आज माझ्या नाती मला भांडकुदळ म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं. त्यांनी तेव्हाची मी पाहिली असती तर नातं तोडलं असतं.

तर एका दुपारी भागूमावशी आमच्या परसात आली, पाटीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ उशाला घ्यावी तशी मांडीखाली घेतली आणि म्हणाली, "मास्तरीण, एक कागद लिवायचा हाय. लंकेला."

झालं होतं असं. नागफणीवर एका मंडळीतले गृहस्थ फराळ करता करता लंकेतल्या एका डोंगराचं वर्णन करत होते. पहाटे वर पोचलं की सूर्य उगवतो आणि डोंगराची सावली समोरच्या धुक्यावर पडते, तासून काढल्यासारखी तिकोनी. ताटल्या गोळा करता करता भागूमावशीनं विचारलं, "तितं समद्यांस्नी जाता येतं का?" त्यावर एक बाई म्हणाल्या, "तू गेलीस तर तिथं तुझी पाटी कोण उचलणार?" सगळे हसले. मावशीही हसली. पण उतरताना दुसऱ्या इसाव्याला तिचं ठरलं.

मग सुरू झाली तयारी. पैसा तिनं तीस वर्षांच्या मजुरीतून गाठीला बांधलेला होता. मद्रास मेल आपल्याच स्टेशनावरून जाते, हे तिच्या दृष्टीनं निम्मं काम झाल्यासारखं होतं. पुढचं तिनं माझ्या नवऱ्याकडून काढून घेतलं. तिकीट खिडकीपुढं गर्दी नसली की ती उभी राहायची आणि उलटतपासणी घ्यायची. मद्रासला उतरल्यावर दुसऱ्या स्टेशनावर किती चालत? ती गाडी समुद्राला टेकते म्हणजे नेमकी कुठं थांबते? बोटीत बसायचं की उभं राहायचं? आमचे हे घरी येऊन म्हणायचे की साहेबाच्या तपासणीला मी एवढा घामाघूम होत नाही. मिळालेली माहिती ती आमच्या परसात दगड मांडून पक्की करायची. एक दगड मद्रास, एक समुद्राचा काठ, एक बोट, एक पलीकडची गाडी आणि शेवटी डोंगराचा पायथा. मग कमरेवर हात ठेवून म्हणायची, "लंका पाच इसाव्यांची. राजमाचीपरीस एक कमीच."

कुसगावात लोक तिला राक्षसांची भीती घालत. सीतेचे तिकडे काय हाल झाले ते ठाऊक आहे ना, असं कुणीतरी विचारलं. मावशी म्हणाली, "सीतामाईला कुनी इचारून न्हेलं न्हवतं. म्या माज्या मनानं चाललेय."

पत्रव्यवहार माझ्याकडे. डोंगराच्या पायथ्याला प्रवाशांसाठी एक विश्रामगृह होतं, तिथल्या व्यवस्थापकाला मी इंग्रजीत पत्र लिहिलं. मावशीचा प्रश्न होता, डोंगर किती इसाव्यांचा? इसाव्याला मी जो इंग्रजी शब्द योजला त्याचा अर्थ निजणे असा होत असावा, कारण उत्तर आलं की आमच्याकडे चार खाटा आहेत आणि 'श्रीयुत भागू' यांनी किती पाहिजेत ते कळवावं. मावशी खूश झाली. श्रीयुत म्हणजे काय ते तिनं दोनदा विचारून घेतलं.

खरी पंचाईत झाली ती सरावात. तिचं म्हणणं, प्रवाशानं मोकळ्या डोक्यानं चालायचं. एका सकाळी ती पाटी न घेता नागफणीच्या वाटेला लागली आणि कुसगावच्या ओढ्याशी सपाट जमिनीवर पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीस वर्षं डोक्यावर ओझं; ते नसलं की मान भलतीकडे जायची आणि पाय मानेमागं. मग तिनं युक्ती काढली. पाटीत एक धोंडा ठेवून चालायचं आणि दर सोमवारी आधीच्याहून बारका धोंडा घ्यायचा. गाव हसत होता. मीही हसत होते, पदराआड, सुशिक्षित माणसासारखी. शेवटी पाटीत मुठीएवढा दगड राहिला, मग नुसती पाटी, मग नुसती चुंबळ. चुंबळ काढून ती नागफणी चढून आली त्या दिवशी तिनं आमच्या घरी येऊन सासूबाईंना मान डावीउजवीकडे हलवून दाखवली.

एवढ्यात एक सोय आपण होऊन चालत आली. खंडाळ्याकडे मुंबईच्या एका श्रीमंत बाईंचा बंगला होता. त्या मुलाबाळांसह लंकेलाच निघाल्या होत्या. त्यांनी भागूमावशीला बोलावून सांगितलं की आमच्याबरोबर चल, मुलांना सांभाळ, खाणंपिणं, बोट, गाडी सगळं आमच्याकडे. सासूबाई म्हणाल्या की देवानं हात दिला. मलाही तसंच वाटलं. मावशी बंगल्यावरून परत आली ती तडक आमच्या परसात.

"न्हाई म्हनून आले," ती म्हणाली.

"अहो पण का? सगळं आयतं मिळत होतं."

"तितं जाऊन त्यांची पोरं बघू का डोंगर? म्या बघाया जानार हाय, मास्तरीण. राबाया हितं काय कमी हाय?"

मग एकटी कशी जाणार, असं मी विचारलं. "एकटीच," ती म्हणाली, आणि पुढे ज्यानं ज्यानं विचारलं त्याच्या तोंडावर तिनं हा शब्द असाच मारला.

लंकेत उतरायला तेव्हा आधी कागद मंजूर करून घ्यावा लागे. मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांची वाट निराळी, मालकाबरोबर जाणाऱ्या नोकरांची निराळी, प्रवाशांची निराळी. त्या अर्जात एक रकाना होता, कुणासोबत आणि कोणत्या नात्यानं जाणार. आता माझा पराक्रम ऐका. मी विचार केला, म्हणजे मला तेव्हा जे विचारासारखं वाटायचं ते केलं. लुगडं नेसलेली, निरक्षर, विधवा बाई एकटी समुद्र ओलांडते म्हटल्यावर कोण मंजुरी देणार? अर्ज परत येईल, मावशीला वाईट वाटेल, आणि मुख्य म्हणजे अर्ज लिहिणारीचं इंग्रजी वाईट होतं असं लोक म्हणतील. म्हणून मी त्या रकान्यात बंगल्यातल्या बाईंचं नाव घातलं आणि पुढं इंग्रजीत लिहिलं, नोकर. मावशीला सांगितलं की प्रवासी असं लिहिलं आहे. तिनं खाली अंगठा उठवला.

कागद मंजूर होऊन आला. मावशीनं तो दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, यात प्रवासी शब्द कुठला? मी त्या रकान्यातल्या शब्दावर बोट ठेवलं. आणखी कुठं ठेवणार? ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. "लांब हाय चांगला," म्हणाली, आणि कागद घेऊन गेली.

आठवड्याभरानं सासूबाईंबरोबर मी कुसगावला हळदीकुंकवाला गेले. मावशीच्या दारावरून वाट होती. शेवग्याच्या झाडामागं तिनं भिंत नवी पांढरी केली होती, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, गेरूनं, हातभर उंचीची इंग्रजी अक्षरं काढली होती. कागदावरून बघून बघून, एकही न चुकता. भोवती वेलबुट्टी. नोकर.

मावशी दारातच उभी होती. "वाच की, मास्तरीण. बराबर उतरलंय का?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. दोन शेजारणी बघत होत्या. मी मोठ्यानं वाचलं, "प्रवासी." शेजारणींनी माना डोलावल्या.

त्यानंतर चार दिवस मला अन्न गोड लागेना. लोणावळ्यात इंग्रजी वाचणारे पुष्कळ होते. त्यांच्यातला एखादा त्या वाटेनं गेला की झालं. पण खरं सांगते, त्याचीही भीती मला एवढी नव्हती. मला ती वेलबुट्टी दिसत राहायची. पाचव्या दिवशी मावशी परसात आली तेव्हा मी भाजी चिरत होते. विळी आडवी केली आणि सगळं सांगून टाकलं.

ती माझ्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "भिंतीवरला सबूद बी त्योच?"

"हो."

"आन् तू गावाम्होरं वाचलास."

"हो. मला वाटलं, तुम्हाला एकटीला सोडणार नाहीत."

"सोडत्यात कोन?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "म्या काय दावनीला बांधलेली हाय?"

मी रडायला लागले. मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही. ती उठली खरी. घरी गेली, ओल्या चिंधीनं भिंत पुसली, आणि तासाभरात मंजूर झालेला तो कागद घेऊन परत आली. तो तिनं माझ्यासमोर ठेवला. "ह्यो त्यांचा त्यांस्नी धाड. आन् दुसरा लिव. आता खरं लिव. न्हाई म्हनाले तर पुना लिवू. तुजी शाई संपंल, मी न्हाई संपायची."

मी लिहायला बसले. नाव, गाव, वय. कामाच्या रकान्यात तिच्या सांगण्यावरून लिहिलं, डोंगरावर पाट्या वाहणे. जाण्याचं कारण, डोंगर पाहणे. मग तो रकाना आला. कुणासोबत. मी टाक बुडवला आणि लिहिलं.

"काय लिवलंस?"

"एकटी."

इतके दिवस तो शब्द ती स्वतःच बोलत आली होती, पण आता कागदावर तो किती जागा घेतो हे बघायला ती पुढं वाकली. मी दाखवला. तिनं त्याला बोट लावलं नाही.

"बारकाच हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खरं हाय त्ये. पन कागद आला की समदं वाच, ह्यो येक सबूद मातूर वाचू नगंस."

कागद यायला दोन महिने लागले. मधे त्यांनी एकदा नाही म्हणून कळवलं. आम्ही पुन्हा लिहिलं. मंजुरी आल्यावर चार दिवसांनी मावशी मद्रास मेलनं गेली आणि पाच आठवड्यांनी डोंगर बघून परतही आली. ते तिनं गावाला शंभर वेळा सांगितलं. मला मात्र आठवते ती कागद आल्याची दुपार. ती परसात ताठ बसली होती. मी नाव वाचलं, गाव वाचलं, काम वाचलं, डोंगर पाहणे वाचलं, आणि तिथं कागदाची घडी घातली. तिनं मान हलवली. सासूबाईंनी आतून हाक मारली, मग पुन्हा मारली, मग जरा वरच्या पट्टीत मारली. मी उठले नाही. विळी बाजूला सारली आणि मावशीजवळ जाऊन बसले.