गुलाबरावांची सनद

कुठलाही अर्ज भरताना गुलाबराव ढोले आपला गुन्हा आधी लिहीत, नाव नंतर. अर्जात तसा रकाना नसला तर पट्टी घेऊन आखत. आर्वीच्या वाचनालयाचे सभासद होताना त्यांनी लिहिलं, 'अर्जदार चोरीबद्दल चार महिने तुरुंगात होता.'

"हे कोणी विचारलं?" ग्रंथपाल घाबरून म्हणाला.

"कोनी नाई. पन मागून म्हनसान, लपवलं!"

पुतणीच्या लग्नाच्या यादीवर सही करतानाही त्यांनी हे कलमासकट लिहिलं. घरच्यांनी महिनाभर अबोला धरला.

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. त्यांचा संताप मला भिंतीतून रोज ऐकू येई. वकिलीची परीक्षा पास झालेला हा माणूस कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. आत उभं राहून बोलायची सनद त्यांना मिळाली नव्हती.

चोरी कसली, ते मला हळूहळू कळलं. बेचाळीसच्या धामधुमीत गुलाबराव आष्टीला होते. जमाव पांगल्यावर एका बोळात एक शिपाई डोकं फुटून पडलेला त्यांना दिसला. त्यांनी त्याला सावलीत ओढलं, त्याचाच साफा सोडून जखमेवर दाबला आणि तो भिजवून आणायला विहिरीवर गेले. तिथंच पकडले गेले, हातात सरकारी साफा! शिपायानं कोर्टात सांगितलं, "साफा याच्याच हाती होता. बाकी मले शुद्ध नव्हती."

स्वराज्य आलं. गुलाबरावांनी नागपुरात शिकवण्या करून कायदा शिकला, सनदेसाठी अर्ज केला. 'पूर्वी शिक्षा झाली आहे काय?' या प्रश्नाला सहा पानं उत्तर लिहिलं. आष्टीतच त्या दिवशी डाकघर जाळून तुरुंगात गेलेले एक गृहस्थही सनद देणाऱ्या समितीपुढे होते. त्यांचा गुन्हा राजकीय ठरला. त्यांना सनद, वर चहा. गुलाबरावांचा ठरला नैतिक अधःपात.

"अधःपात!" ते माझ्या ओट्यावर काठी आपटत. "त्या शिपायाच्या टाळक्यात म्या अजून एक गोटा घातला असता न मास्तर, तं आज वकील असतो!"

शिपायाचं प्रतिज्ञापत्र आणलंत तर पुन्हा विचार करू, असं समितीनं सांगितलं होतं. गुलाबरावांनी दोन वर्षं ते टाळलं. शेवटी माझ्या टोचणीला कंटाळून मजकूर लिहिला, मला साक्षीदार म्हणून घेतलं आणि आम्ही शिपायाच्या गावी, रोहण्याला गेलो. तो शिपाई आता हवालदार झाला होता, रजेवर घरी आला होता. वाटभर गुलाबराव त्याला द्यायच्या शिव्या घोकत होते.

दार त्यानंच उघडलं. ओळखलं, आणि चौकटीला धरून उभा राहिला.

"टोपी काढ!" गुलाबराव ओरडले.

त्यानं काढली. त्यांनी त्याचं डोकं उजेडाकडे वळवून व्रण पाहिला. "हे टाके कोन्या गाढवानं घातले?"

"भाऊ, तवा साहेब समोर उभे होते," हवालदार खाली मान घालून म्हणाला. "दंगेवाल्यानंच वाचवलं म्हनलं असतं, तं नोकरी जात होती. मले सारं ठाऊक होतं. आना तो कागद." त्यानं दौत पुढे ओढली.

"पेन्सन कधी हाय?"

"पुढल्या साली."

मग गुलाबरावांनी त्याला अशा शिव्या दिल्या, की तशा मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. शिव्या देता देताच त्याच्या हातातला टाक हिसकावला. "सही नको करजो! शपथेवर खोटं बोललो, असं लिहून देऊन राह्यला तू. उलटा तुह्यावर खटला होईन, पेन्सन जाईन. वकील म्हनून सांगून राह्यलो!"

कागद त्यांनी तिथंच फाडला. सनद त्यांना कधीच मिळाली नाही.

नाक्यावर मोटारीची वाट पाहताना मीच चिडलो होतो. "अहो, तो स्वतः सही करत होता! कागद का फाडलात तुम्ही?"

"तुमाले काय समजते!" ते खेकसले. मग काठीनं रस्त्यावरची धूळ उकरू लागले.

"मास्तर, अंगनात त्याचे नातवंडं खेळून राह्यलते. पाह्यले तुमी?"

"पाहिले."

"मंग!" ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं चिडल्यासारखं तोंड पुसलं.